‘उपरी’ म्हणजे कोण? घराण्याचा शोध आणि विद्यापीठाचं ग्रंथालय

२०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली आणि आमच्याकडे, माण तालुक्यात, घरोघरी जुन्या पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या. आमचीही उघडली. आत रेशनकार्डं, आजोबांची चष्म्याची डबी आणि तळाशी चार घड्या घातलेला एक मोडी कागद. चुलत्यांनी तालुक्याच्या गावी एका मोडी वाचणाऱ्याकडून तो बालबोधीत उतरवून आणला. त्यात आमच्या एका पूर्वजाचं नाव होतं, ‘अमुक बिन तमुक’ अशा थाटात, आणि नावापुढे एक शब्द: उपरी. खाली ‘इस्तावा’ असा आणखी एक. ‘बिन’ म्हणजे मुलगा, हे मोडीवाल्यांनी सांगितलं. बाकी दोन शब्दांवर ते म्हणाले, “अक्षरं लावायचं काम माझं. अर्थ तुम्ही बघा.”

तो अर्थ मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला. घराण्याचा शोध घेणारे बहुतेक जण आधी तहसील कचेरीत जातात, मग पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरखान्यात, आणि ग्रंथालयाकडे फिरकतच नाहीत. “तिथे आमच्या घराण्याचं काय असणार?” हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. नाव कागदात असतं, दप्तरात असतं, ग्रंथालयात क्वचितच. पण नावाभोवतालचं गाव, तिथला सारा, दुष्काळ, कायदा आणि त्या काळचे शब्द ग्रंथालयात असतात. ते हाताशी नसेल तर दप्तरातला कागद मिळूनही मुका राहतो, आमचा राहिला होता तसा.

त्या दोन शब्दांपासूनच सुरुवात करू. संदर्भ विभागात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असतो. १८३१ चा, आणि दुसरी मोठी आवृत्ती १८५७ ची. आजच्या शब्दकोशांनी टाकून दिलेले महसुली शब्द त्यात शाबूत आहेत, कारण तो कोश झाला तेव्हा ते शब्द चालू होते. उपरी म्हणजे गावात वतनी हक्क नसलेला, बाहेरून येऊन जमीन कसणारा. त्याच्या उलट मिरासदार: ज्याची जमीन वडिलोपार्जित, विकता-गहाण टाकता येणारी. आणि इस्तावा म्हणजे पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला दिलेली सवलत: पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल चढता, शेवटी पूर्ण दर. म्हणजे आमच्या ट्रंकेतला कागद हा इस्तावा कौल, म्हणजे त्या सवलतीचं वचनपत्र होता. आमचे पूर्वज या गावचे नव्हतेच. कोणीतरी ओस रान दाखवून त्यांना इथे बसवलं होतं. “आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच” हे वाक्य आमच्या घरात लग्नकार्यात ऐकवलं जातं. ते एका शब्दाने मोडलं. चुलत्यांना हे अजून पटलेलं नाही.

मोल्सवर्थ पाहायला आता ग्रंथालयात जावंच लागतं असं नाही. शिकागो विद्यापीठाने तो पूर्ण कोश इंटरनेटवर फुकट ठेवला आहे, देवनागरीत शब्द टाकून शोधता येतो. विल्सनचा १८५५ चा न्यायालयीन आणि महसुली शब्दांचा कोशही जोडीला ठेवावा. एकाच शब्दाचा अर्थ घाटावर एक आणि कोकणात दुसरा असू शकतो, ते दोन कोश समोर ठेवल्यावरच लक्षात येतं.

मग तारीख. जुन्या कागदावर इसवी सन नसतो. आमच्या कागदावर होतं: ‘सुहूर सन खमस अशरीन मयातैन व अलफ’. मंत्रासारखं वाटतं, पण ते फक्त आकडे आहेत, अरबी शब्दांत, आणि उलट्या क्रमाने: आधी एकक, मग दशक, शतक, हजार. खमस पाच, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. मिळून १२२५. मराठी दप्तरांत चालणाऱ्या या सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १८२४. हे वर्ष मृग नक्षत्रावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यामुळे कागद जून १८२४ ते जून १८२५ मधला. जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे. पडताळा घ्यायचा असेल तर पानिपताचं साल घ्या: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. लढाई जानेवारी महिन्यातली, म्हणून अधिक ६००. आले १७६१.

महिना आणि तिथी लावायला जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवणारे तक्ते, लागते. पुष्कळ कागदांवर ‘छ १२ जिल्हेज’ अशी तारीख असते. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा. तिचा इंग्रजी दिवस काढायला बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री अजून वापरतात. ती घरात कुणी ठेवत नाही, पुस्तकांच्या दुकानात मिळत नाही, विद्यापीठाच्या किंवा जुन्या नगर वाचनालयाच्या संदर्भ कपाटात मात्र सापडते. मोबाईलवर तारीख बदलून देणारी ॲप आहेत, पण सुहूर सन बहुतेकांच्या गावी नाही.

१८२४ म्हटल्यावर पुढचा प्रश्न: तेव्हा इथे राज्य कुणाचं? पेशवाई १८१८ ला गेली, पण आमचा भाग थेट कंपनीकडे गेला नव्हता. तो साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात होता, आणि ते राज्य इंग्रजांनी खालसा केलं १८४८ नंतर. हे कळलं नाही तर माणूस पुराभिलेखागारात चुकीचा विभाग मागून दिवस घालवतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात कागद रुमालांत बांधलेले आहेत, रुमाल हजारोंनी आहेत, आणि त्यांचे विभाग आहेत: शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, जमाव, सातारकर महाराजांचं दप्तर. कोणत्या विभागात काय, हे सांगणाऱ्या छापील मार्गदर्शिका आहेत आणि त्या ग्रंथालयात आहेत. त्या आधी वाचून, विभागाचं नाव चिठ्ठीवर लिहून मग दप्तरात जायचं. मी उलटं केलं. तीन फेऱ्या वाया गेल्या.

आत कसं शिरायचं, ते थोडक्यात. विद्यापीठाचं ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी आहे, पण बाहेरच्या वाचकाला बहुतेक ठिकाणी तात्पुरतं सदस्यत्व किंवा दिवसाचा पास मिळतो. ओळखपत्र, फोटो, थोडी फी, कुठे अनामत, कुठे एखाद्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र. नियम जागोजाग वेगळे, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा. पुस्तक घरी मिळणार नाही, तिथेच बसून वाचायचं. जुनी पुस्तकं बंद कपाटांत असतात, चिठ्ठी भरून द्यायची आणि वाट पाहायची. वही आणि पेन्सिल न्यावी, दुर्मिळ विभागात शाईचं पेन चालत नाही. झेरॉक्स की मोबाईलने फोटो, हे आधी विचारावं, न विचारता फोटो काढताना पकडलं गेलं की पुढच्या वेळी तीच माणसं चिठ्ठीकडे बघत नाहीत.

पुण्याचं जयकर ग्रंथालय, मुंबईत कालिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय ही मोठी नावं. पण जमिनीशी नातं असलेल्या घराण्याला मी पहिल्यांदा गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय सांगेन. संस्था अर्थशास्त्राची, पण म्हणूनच सारा, शेती, खेडी यांवरची जुनी सरकारी छपाई तिथे ठासून भरली आहे, आणि त्यातली खूपशी त्यांनी स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहे. साताऱ्याचं काही शोधत असाल तर डेक्कन कॉलेजही लक्षात ठेवा. दत्तात्रय बळवंत पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह शेवटी तिथे आला.

काउंटरवर काय विचारता यावर सगळं अवलंबून आहे. “माझ्या घराण्याची माहिती आहे का?” असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर “नाही” हेच येईल. “माण तालुक्याचे सर्व्हे सेटलमेंटचे अहवाल आहेत का?” असं विचारलं तर संदर्भ ग्रंथपालाचा चेहरा बदलतो. हे मी पाहिलेलं आहे. खुर्चीतून उठून बाई स्वतः कपाटाकडे गेल्या.

हे सेटलमेंटचे अहवाल म्हणजे काय? इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी करून तालुक्यागणिक सारा ठरवला, साधारण तीस वर्षांनी तो पुन्हा तपासला, आणि दर वेळी अहवाल छापला. शेवटी परिशिष्टं, गाववार: जमीन किती, दर काय, बाजारपेठ किती लांब. माणसांची नावं नाहीत. पण तुमचं गाव आहे. चौदा विहिरींचं गाव होतं की दोनच होत्या, कसणारे वाढत होते की गाव सोडून जात होते, हे त्या रकान्यांतून दिसतं. घराण्याच्या इतिहासात ‘अचानक’ झालेल्या बऱ्याच गोष्टी, कुणाचं मुंबईला गिरणीत जाणं, कुणाचं जमीन विकणं, त्या रकान्यांशेजारी ठेवल्या की अचानक वाटत नाहीत.

त्याच्या जोडीला जेम्स कॅम्बेलचं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्हावार माहितीचे सरकारी खंड. साताऱ्याचा खंड १८८५ चा, रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८०, पुण्याचे तीन भाग १८८५. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने हे खंड इंटरनेटवरही आणले आहेत. त्यातला दुष्काळांवरचा भाग मी दोनदा वाचला. १८०२ ते १८०४ या काळात होळकरांच्या स्वाऱ्या आणि मागोमाग दुष्काळ, दख्खनची गावंच्या गावं ओस. ओस रान, वीस वर्षांनी इस्तावा कौल, आणि ‘उपरी’ पूर्वज. साखळी जुळते. सिद्ध होते असं मात्र मी म्हणणार नाही. गॅझेटियरबद्दल एक सावधगिरी: जातींची वर्णनं वाचताना ती कुणी, कुणाकडून ऐकून लिहिली हे विसरू नये. गोऱ्या अधिकाऱ्याला गावात माहिती देणारे कोण असत, ते आपल्याला ठाऊक आहे. मुंबई इलाख्याच्या जातीजमातींवरच्या एन्थोवेनच्या १९२० ते १९२२ मधल्या तीन खंडांनाही हेच लागू.

काही पुस्तकांत मात्र नावंही सापडतात, आणि ती कुणाला सुचणार नाहीत अशी पुस्तकं आहेत. माझ्या मते सगळ्यात मोठा खजिना कायद्याच्या विभागात आहे: इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका, १८७६ पासूनची. पाटीलकीचं वतन, दत्तकविधान, वाटणी यांवरून भाऊबंद हायकोर्टात गेले की निकालपत्रात आधी घराण्याची हकीकत येते, कधीकधी वंशवृक्षच छापलेला असतो. भाऊबंदकीने घरं बुडाली, पण वंशावळी टिकल्या. ज्यांच्या घरात “आमची केस हायकोर्टापर्यंत गेली होती” अशी आठवण आहे त्यांनी नावांची सूची घेऊन बसावं. इंग्रजीत नावं कशी लिहिली असतील याचे चार-पाच प्रकार आधी कागदावर मांडावेत.

घरात कुणी जुन्या काळी शिकलेलं असेल तर मुंबई विद्यापीठाची वार्षिक कॅलेंडरं पाहा. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे, नियम आणि पदवीधरांच्या याद्यांचं जाडजूड पुस्तक. विद्यापीठ १८५७ चं, बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची, त्यात रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक असे चारच जण. पुढे याद्या वाढत गेल्या, नाव, कॉलेज, वर्ष. “पणजोबा बी.ए. होते” ही आख्यायिका तिथे दहा मिनिटांत खरी किंवा खोटी ठरते. सरकारी नोकरीत असतील तर सिव्हिल लिस्ट, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांची छापील यादी, आणि सरकारी राजपत्र. नाव किंवा आडनाव बदलल्याच्या जाहिरातीही राजपत्रात येतात, आणि गावावरून ‘कर’ लावून घेतलेल्या घराण्यांचा धागा कधी कधी तिथेच तुटलेला असतो.

कुलवृत्तांतांचं, म्हणजे एकेका घराण्याच्या छापील वंशावळींच्या ग्रंथांचं, मी मुद्दाम मागे ठेवलं. ग्रंथालयात वंशावळ म्हटलं की तेच पुढे करतात. ड्युई वर्गीकरणात ९२९ या क्रमांकाखाली रांगेने मिळतील. तुमच्या आडनावाचा असेल तर काम निम्मं झालं. पण हे ग्रंथ बहुतांशी ब्राह्मण, सारस्वत, कायस्थ प्रभू घराण्यांचे, वर्गणी काढून छापलेले. शेतकरी, बलुतेदार, दलित घराण्यांसाठी त्या कपाटात फारसं काही नाही. आणि ज्यांचे आहेत त्यांच्याही ग्रंथांत बायका शोधून पाहा: सासरचं नाव, बहुतेक वेळा माहेरचं आडनाव, आणि मुली कितीदा तरी नुसत्या संख्येने. आजीकडून मागे जायचं असेल तर तिच्या माहेरच्या घराण्याचा ग्रंथ वेगळा शोधावा लागतो. सरदार घराण्यांसाठी गो. स. सरदेसायांनी जमवलेल्या वंशावळी आहेत, पण आपल्यापैकी किती जण सरदार?

जनगणनेतून पूर्वज सापडतील ही आशा मात्र सोडा. अमेरिकेत राहणारा माझा मावसभाऊ तिथल्या लोकांचं पाहून मला सारखं सांगायचा, “जनगणनेत घरातल्या सगळ्यांची नावं असतात, बघ ना.” तिकडे असतात, आणि ७२ वर्षांनी खुली होतात. आपल्याकडे घरोघरच्या चिठ्ठ्या मोजणी झाल्यावर जपून ठेवल्या गेल्या नाहीत, ग्रंथालयात मिळतात ते बेरजेचे तक्ते. त्यांचा उपयोग एकच, पण तो मोठा: १९५१ आणि नंतरच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावांच्या याद्या आहेत. एका नावाची गावं किती, कोणत्या तालुक्यात, हे त्यातून निघतं.

परदेशातल्या मराठी माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीचं कार्यालय भारतीय पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवत आलं आहे. त्यामुळे पुण्यात रद्दीत गेलेलं एखादं मराठी पुस्तक शिकागोच्या फडताळात नीट उभं असू शकतं. वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या इंटरनेटवरच्या सूचीत शोधा, आणि तुमच्या गावच्या ग्रंथालयाकडून आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीने मागवा. शोधताना एकच अडचण: मराठी नावं रोमन लिपीत चढवलेली असतात, ‘कुलवृत्तांत’ हा एक शब्द तिथे चार तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. सगळ्या तऱ्हा टाकून पाहाव्यात. नगर भागातल्या ख्रिस्ती घराण्यांना तर हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयाचं नाव माहीत असायलाच हवं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला नगरला सुरू झालं, आणि ज्या मंडळाचं ते होतं त्याची कागदपत्रं हॉटनमध्ये आहेत. मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचं, तेही सोबत वाचावं. मॉरिशसच्या मराठी मंडळींसाठी तिथल्या मोका गावचं महात्मा गांधी इन्स्टिट्यूट. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या तिथे आहेत, काहींचे फोटोसुद्धा.

आणि शोधगंगा हे संकेतस्थळ. विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाने आपल्याच भागातल्या वतनांवर किंवा दुष्काळांवर प्रबंध लिहिलेला असतो, आणि त्याच्या शेवटी कोणत्या दप्तरात काय पाहिलं याची यादी. भाषेकडे लक्ष देऊ नका, ती यादी उतरवून घ्या. कुणीतरी पाच वर्षं खपून तुमच्यासाठी वाट मळून ठेवलेली असते.

राहिला मूळ गावाचा प्रश्न. उपरी आले, पण कुठून? हे कुठल्याच ग्रंथालयात नव्हतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या घरांना हेळवी ठाऊक असतील, बैलावर वंशावळीच्या वह्या लादून सुगीनंतर येणारे. आमच्याकडे गेल्या वर्षी आले. चुलत्यांनी धान्य घातलं, हेळव्याने बाप, आजा, पणजा असं म्हणत वर चढत चढत मूळ गावाचं नाव घेतलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि सोमवारी ग्रंथालय गाठलं. जनगणना पुस्तिकांत त्या नावाची गावं तीन निघाली, तीन वेगळ्या तालुक्यांत. दोन तालुक्यांचे सेटलमेंट अहवाल वाचून झाले. एक गाव नदीकाठचं, बागायती, तिथून कुणी माणच्या उन्हात येईल असं वाटत नाही. दुसरं शक्य आहे. तिसऱ्याच्या अहवालासाठी चिठ्ठी दिली तर काउंटरवरच्या माणसाने ती परत माझ्याकडे सरकवली. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: बांधणीस गेले, पुढील महिन्यात विचारणे.